महेशचंद्रांचा हरलेला डाव

इंदूरच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या वाड्याला पुढच्या अंगास एक रुंद ओटा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारची उन्हे कलली, की त्या ओट्यावर सतरंजी पसरली जाई आणि आमचे आजोबा, ज्यांना सारे घर अप्पा म्हणत असे, बुद्धिबळाचा कापडी पट उलगडून बसत. पटाची घरे दोऱ्याने शिवलेली होती. सोंगट्या लाकडी होत्या. एका हत्तीची सोंड फार पूर्वीच मोडलेली होती. खेळ चाले तो देशी पद्धतीचा. प्यादे एका वेळी एकच घर पुढे सरके. राजाला शह लागलेला नसेल, तर साऱ्या डावात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी घेण्याची मुभा असे. प्यादे पलीकडच्या अखेरच्या पट्टीत पोचले, तर त्या घराचे मूळचे जे मोहरे असेल तेच होऊन बसे. किल्लेकोट हा प्रकार अप्पांच्या गावीही नव्हता. गावोगाव या नियमांत थोडाबहुत फरक पडे. पण प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची, याविषयी मात्र कोठेही दुमत नव्हते.

एके वर्षी पुण्याहून मामा आले आणि त्यांनी मला 'विलायती' पद्धत शिकवली. प्यादे पहिल्या खेपेस दोन घरे जाऊ शकते, हे ऐकताच अप्पा हसून म्हणाले, "अरे, चालायला शिकायच्या आधीच पळायला लावता होय त्याला?" तरीही नातवाच्या हट्टाखातर ते माझ्याशी नव्या नियमांनी खेळायला बसले. मी पहिल्याच दोन चालींत मधली प्यादी दोन-दोन घरे दामटली. अप्पांनी मात्र घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकवले आणि त्या रिकाम्या कोनाड्यात उंट नेऊन ठेवला. मला वाटले, जुन्या माणसाला नवा खेळ उमगलेलाच नाही. तो डाव मी जिंकलो, आणि जिंकल्याचे साऱ्या वाड्याला ओरडून सांगितले. अप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी सोंगट्या मोजून पिशवीत भरल्या व पटाची घडी घातली.

पुढे चाळीस वर्षांनी एका ग्रंथालयात जुन्या डावांचा एक संग्रह चाळताना कलकत्त्यातला १८५५ सालचा एक डाव माझ्या हाती लागला, आणि तो कोनाड्यातला उंट एकाएकी डोळ्यांपुढे उभा राहिला. आजचा लेख त्या डावाविषयी आहे.

त्या काळी कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे एक स्कॉटिश बॅरिस्टर वकिली करीत असत. त्यांचा जन्म १७९८ चा. बुद्धिबळात ते केवळ हौशी नव्हते. १८४० नंतरच्या एक-दोन वर्षांत रजेवर लंडनला गेले असता त्या वेळचे इंग्लंडचे सर्वश्रेष्ठ खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांच्याशी त्यांनी शेकडो डाव खेळले होते. परत आल्यावर कलकत्त्यात त्यांना तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळेना. अशा वेळी तेथील बुद्धिबळ क्लबाच्या एका सभासदास शहराबाहेरच्या मुलखात एक ब्राह्मण भेटला. त्याला आजवर कोणी हरवलेले नाही, अशी त्याची ख्याती होती. त्याचे नाव महेशचंद्र बंदोपाध्याय. इंग्रजी नोंदींत याचेच 'मोहेशचंदर बॅनर्जी' झाले आहे. विलायती नियम त्याला ठाऊक नव्हते. तो आपला देशी खेळ खेळत आलेला. क्लबाच्या सभासदाने त्याला कॉक्रेन यांच्यासमोर आणून बसवले.

आरंभी कॉक्रेन जिंकले. ज्याचा राजा अडीच घरांची उडी घेत असे त्याला किल्लेकोट शिकायचा होता, आणि ज्याची प्यादी एक घर चालत त्याला दोन घरांच्या धावेचा धोका ओळखायचा होता. महेशचंद्रांनी ते शिकून घेतले. पुढे क्लबाने त्यांना पगारी मदतनीस म्हणून ठेवून घेतले, आणि १८४८ पासून पुढे कित्येक वर्षे हे दोघे समोरासमोर बसत राहिले. त्यांच्या शेकडो डावांच्या नोंदी उपलब्ध आहेत. कॉक्रेन यांनी अधिक जिंकले, पण महेशचंद्रांनी जिंकलेलेही कितीतरी आहेत. पेट्रोव्ह बचावाविरुद्ध चौथ्याच चालीत घोड्याचे बलिदान करण्याची जी युक्ती आज 'कॉक्रेन गॅम्बिट' म्हणून ओळखली जाते, तिचा १८४८ मधील नोंदलेला डावही महेशचंद्रांविरुद्धच खेळला गेला होता.

कॉक्रेन यांचा एक गुण येथे आवर्जून सांगितला पाहिजे. ते डाव लिहून ठेवीत आणि विलायतेतील बुद्धिबळविषयक स्तंभांकडे पाठवीत. जिंकलेले जसे पाठवीत, तसे हरलेलेही. राज्यकर्त्यांच्या जातीतल्या एका बॅरिस्टराने क्लबाच्या पगारी नोकराकडून झालेला आपला पराभव छापण्यासाठी लंडनला धाडावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. महेशचंद्र आज आपल्याला भेटतात ते मुख्यतः याच नोंदींतून.

आता त्या डावाकडे वळू. तो मे १८५५ मध्ये कलकत्त्यात खेळला गेला. पांढरी मोहरी कॉक्रेन यांची, काळी महेशचंद्रांची. वाचकांनी शक्य तर पट मांडूनच पुढचे वाचावे. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी याप्रमाणे एचपर्यंत नावे आहेत आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आकडे आहेत. रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. ज्या चालीपुढे मोहऱ्याचे अक्षर नाही ती प्याद्याची समजावी.

१. डी४, घो-एफ६, २. सी४, जी६, ३. घो-सी३, डी५, ४. ई३, उं-जी७; ५. घो-एफ३, किल्लेकोट; ६. सी×डी५, घो×डी५, ७. उं-ई२, घो×सी३, ८. बी×सी३, सी५, ९. किल्लेकोट, सी×डी४, १०. सी×डी४, घो-सी६, ११. उं-बी२, उं-जी४, १२. ह-सी१, ह-सी८, १३. उं-ए३, व-ए५, १४. व-बी३, ह(एफ)-ई८, १५. ह-सी५, व-बी६, १६. ह-बी५, व-डी८; १७. घो-जी५, उं×ई२; १८. घो×एफ७, घो-ए५; १९. घो-एच६ दुहेरी शह, रा-एच८, २०. व-जी८ शह, ह×जी८, २१. घो-एफ७, मात.

यातल्या पहिल्या चार चाली पुन्हा एकदा पाहाव्यात. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून पटाचा मध्य ताब्यात घेतला आहे. त्या काळच्या युरोपीय समजुतीप्रमाणे काळ्याने याला ताबडतोब प्याद्यानेच उत्तर द्यायला हवे होते. मध्यभाग प्याद्यांनी धरायचा, हा तेव्हाचा पहिला पाठ होता. महेशचंद्रांनी आधी घोडा काढला. मग घोड्यापुढचे प्यादे एक घर, फक्त एक घर, सरकवले आणि त्या जागी उंट बसवला. तो उंट कोनाड्यातून साऱ्या पटाचा लांब तिरपा मार्ग न्याहाळीत राहतो. तिसऱ्या चालीत त्यांनी डी५ खेळून मध्यावर घाव घातला, आठव्या चालीत सी५ खेळून दुसरा घातला. विचार असा, की प्रतिस्पर्ध्याला मध्यभागी इमारत उभारू द्यावी आणि मग दुरून तिच्या पायावर मारा करावा.

हे त्यांना सुचले कोठून? देशी खेळाकडे पाहिले की उत्तर मिळते. ज्या खेळात प्यादे एकच घर चालते, त्यात मध्यभागी एकदम धाव घेता येत नाही. दोन्ही सैन्ये आपापल्या हद्दीत राहून हळूहळू रचना करतात. तेथे घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून उंटाला कोनाडा करून देणे ही नित्याची, घरगुती चाल असते. महेशचंद्रांनी नवे नियम आत्मसात केले, पण हाताची जुनी सवय टाकली नाही, आणि नव्या नियमांतही ती सवय खरी ठरते असे त्यांना आढळले. जे अडाणीपणाचे वाटावे ते वास्तविक वेगळ्या शाळेतले शिक्षण होते.

डावाचा पुढचा भाग महेशचंद्रांच्या बाजूने सांगायचा तर दुःखाचा आहे. बाराव्या चालीपर्यंत काळ्याची मांडणी निर्दोष म्हणावी अशी आहे. दोन्ही उंट बाहेर आलेले, घोडा योग्य जागी, हत्ती मोकळ्या सी पट्टीवर. तेराव्या चालीत त्यांचा वजीर ए३ वरच्या उंटावर धावून गेला. कॉक्रेन यांनी वजीर बी३ वर आणून उंटाचे रक्षण केले आणि त्याच चालीने एफ७ या घराकडे जाणाऱ्या तिरप्या वाटेवर नजर रोखली. येथे महेशचंद्रांनी ई७ वरच्या प्याद्याच्या काळजीने एफ८ वरचा हत्ती ई८ वर नेला. चाल साधी दिसते. पण तो हत्ती एफ७ चा राखणदार होता. तो हलला आणि राजाशेजारचे ते प्यादे एकट्या राजाच्या भरवशावर उरले. पुढच्या दोन चालींत पांढऱ्या हत्तीने काळ्या वजिराला हाकलत पुन्हा मूळ घरी पोचवले. वजिराच्या तीन चाली व्यर्थ गेल्या, आणि पांढऱ्याला हवा तो वेळ मिळाला.

सतराव्या चालीत घोडा जी५ वर आला. त्याच्या हलण्याने ई२ वरचा पांढरा उंट उघडा पडला, आणि महेशचंद्रांनी तो मारला. मोह समजण्यासारखा आहे. उंट फुकट मिळतो, शिवाय ई२ वर बसलेला आपला उंट शत्रूच्या दोन्ही हत्तींवर एकाच वेळी नेम धरतो. पण घोड्याने एफ७ वरचे प्यादे टिपले. राजाला तो घोडा मारता येत नाही, कारण मागे दूर बी३ वर पांढरा वजीर उभा आहे. महेशचंद्रांनी घोडा ए५ वर नेऊन त्याच वजिराला धमकावले. त्यावर आलेला घाव असा, की तो पाहून आजही पटापुढे बसलेला माणूस क्षणभर थबकतो. घोडा एच६ वर उडाला: एक शह घोड्याचा, दुसरा मोकळ्या झालेल्या वाटेवरून वजिराचा. दुहेरी शहाला एकच उपाय, राजाने हलणे. एफ८ वर गेला तर एफ७ वर वजिराची मात; म्हणून तो एच८ च्या कोपऱ्यात शिरला. तेव्हा कॉक्रेन यांनी आपला वजीर जी८ वर, अगदी राजाच्या अंगाला भिडवून ठेवला. राजाला तो मारता येत नाही, घोडा राखतो आहे. म्हणून हत्तीला मारावा लागला. त्या हत्तीनेच राजाची उरलेली वाट बुजवली. एफ७ वर पुन्हा घोडा, आणि मात. राजाभोवती सारी त्याचीच माणसे: हत्ती, उंट, प्यादे. आपल्याच गोतावळ्यात कोंडून तो संपला.

अशा रीतीने महेशचंद्र हा डाव हरले. मात देखणी होती, त्यामुळे डाव जपला गेला तो कॉक्रेन यांच्या शेवटासाठीच असे कोणी म्हटले तर नवल नाही. परंतु बुद्धिबळाच्या इतिहासात आज त्याचा उल्लेख होतो तो शेवटासाठी नव्हे, सुरुवातीसाठी.

१९२२ साली, म्हणजे या डावानंतर ६७ वर्षांनी, व्हिएन्नाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी हाच प्रारंभ युरोपातील स्पर्धांत आणला. त्याच वर्षी व्हिएन्नात त्यांनी या बचावाच्या बळावर पुढे जगज्जेते झालेल्या अलेखाइन यांना हरवले. महायुद्धानंतरच्या त्या दशकात रेटी, निम्झोविच, तार्ताकोवर यांच्यासारखे तरुण खेळाडू म्हणू लागले होते, की मध्यभाग प्याद्यांनी व्यापलाच पाहिजे असे नाही. तो दुरून मोहऱ्यांनीही ताब्यात ठेवता येतो. या विचाराला तेव्हा 'अतिआधुनिक' म्हणण्यात आले. प्रारंभाला नाव मिळाले 'ग्रुनफेल्ड बचाव'. पुढे १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्न यांच्याविरुद्ध जो डाव जिंकला आणि ज्याला 'शतकाचा डाव' म्हणतात, तोही याच प्रारंभाच्या वाटेने गेला होता. २०१० च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सोफियाला पहिल्याच डावात विश्वनाथन आनंद यांनी टोपालोव्हविरुद्ध ग्रुनफेल्ड खेळला व ते हरले. लढत मात्र त्यांनीच जिंकली.

ग्रुनफेल्ड यांचे श्रेय हिरावून घेण्याचा येथे हेतू नाही. त्यांनी या प्रारंभाचा पद्धतशीर अभ्यास केला, तो मोठमोठ्या स्पर्धांत कसाला लावला आणि जगाला पटवून दिला. नाव त्यांचे असणे न्यायाचेच आहे. शिवाय महेशचंद्रांची आठवण अगदीच पुसली गेली असेही नाही. वजिरापुढच्या प्याद्याला पहिल्या चालीत घोड्याने उत्तर देणाऱ्या साऱ्या प्रारंभांना 'भारतीय बचाव' म्हणतात. हा शब्दप्रयोग १८८४ पासून छापील मजकुरात आढळतो, आणि त्याचा संबंध कॉक्रेन यांच्याशी झालेल्या महेशचंद्रांच्या डावांशी जोडला जातो. जगातल्या कोणत्याही शहरात आज कोणी 'राजाचा भारतीय', 'वजिराचा भारतीय' किंवा 'निम्झो-भारतीय' असे म्हणतो, तेव्हा नकळत तो कलकत्त्याच्या त्या पगारी मदतनिसाचीच आठवण काढीत असतो. आपल्या मुलांना ही नावे पाठ असतात, पण त्यांतला 'भारतीय' कोण, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

महेशचंद्रांची वाट पुढे आणखी एकाला चालावी लागली. पंजाबचे मीर सुलतान खान हेही देशी नियमांवर वाढलेले. १९२८ ची अखिल भारतीय स्पर्धा जिंकून ते इंग्लंडला गेले, १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपदे मिळवली, आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका यांना नमवले. छापील प्रारंभविद्या हा त्यांचा कच्चा दुवा होता; डाव मध्यावर आला की मात्र भल्याभल्यांची भंबेरी उडे. जागतिक संघटनेने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

विलायती नियम आपल्याकडे रुळल्यावर मराठी माणसेही या खेळात मागे राहिली नाहीत. १९५५ मध्ये एलुरूला झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींनी महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धांवर कित्येक वर्षे आपले नाव कोरले. आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुख हिने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या घरातल्या लहानग्या नातीनेही पट मांडून ठेवला. तिचे गुरुजी तिला प्रत्येक डाव वहीत लिहायला लावतात. हरलेला असला तरी लिहायचा, असा त्यांचा दंडक आहे.

ती वही पाहिली की मला अप्पांची आठवण होते. त्यांनी आयुष्यात हजारो डाव खेळले असतील. ओट्यावर बसून प्याद्याने मात दिल्यावर शेजारचे म्हातारे किती खूष होत, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यातला एकही डाव आज शिल्लक नाही. लिहायची रीतच नव्हती. खेळ संपला, की पिशवी बांधायची. महेशचंद्रांना कॉक्रेन भेटले म्हणून त्यांची चाल १८५५ पासून आजवर पोचली. आमच्या ओट्यावर लेखणी घेऊन बसायला कोणी नव्हते. मी होतो, पण मला जिंकण्याची घाई होती.

गेल्या दिवाळीत नात आणि मी पट घेऊन बसलो. तिने विचारले, "आजोबा, तुम्ही कोणता प्रारंभ खेळणार?" मी घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवले आणि उंट कोनाड्यात ठेवला. तिने वहीत डोके घालून लिहायला घेतले. "याला काय म्हणतात?" म्हणून तिने मान वर केली. ग्रंथात आहेत ती नावे मी तिला सांगितली, महेशचंद्रांचेही सांगितले. "आणि तुम्हांला कोणी शिकवले?"

"माझ्या अप्पांनी," मी म्हणालो. तिने तेही चालीपुढे लिहून घेतले.